खोड सांगितल्याशिवाय बटण न्हाय

दोन हजार चार साली गडहिंग्लजजवळच्या आमच्या दूध संस्थेत कॉम्प्युटर आला, आणि त्याला बघून गावातल्या म्हशींनी दूध चोरलं. पटत नसेल तर म्हशींना विचारा.

दुधाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम गावच्याच प्रसेनजीतनं लिहिलेला. त्याचं पहिलंच काम. सांजच्या दुधाला तो चालला तर ठेवायचा, नाहीतर पुण्याहून दुसरा आणायचा, असं संचालकांनी ठरवलेलं. मी तिथला सेक्रेटरी.

चेअरमन केरबा पूर्वी म्हशींचा दलाल. प्रोग्रॅम चालू करण्याआधी पडद्यावर वापराचा करारनामा उघडला तसा तो प्रसेनजीतला म्हणाला, "वाच."

"फुकट हाय, आण्णा. कुणालाबी द्या, आतलं बघा, बदला. बदलून कुणाला दिलं तर आतलं लिवलेलंबी उघडं करून द्यायचं, एवढंच."

"आन् ते खाली?"

"कसलीही हमी नाही. कुठल्याही कामाला उपयोगी पडेलच असं नाही."

केरबानं माऊसवरचा हात झटकला. "म्हंजे लाथ मारती!"

"कोण?"

"बाजारात म्हैस इकताना खोड सांगावी लागती की! दावं तोडती, आचळाला हात लावू देत न्हाय, काय आसंल ती. तू हमीबी दीना आन् खोडबी सांगंना?"

"आण्णा, जगात समदीकडं आसंच लिवत्यात."

"मग समद्याच लाथाळ!"

मला दोघांचंही पटत होतं, म्हणजे काहीच कळत नव्हतं. बाहेर किटल्यांची रांग वाढत वाढत कर्नाटकात शिरली. शेवटच्या माणसाशी कन्नडमध्ये बोलावं लागलं.

अखेर प्रसेनजीत पुटपुटला, "लाईट गेली की शेवटची नोंद इसरतंय."

केरबाचा चेहरा फुलला. "आसं बोल की! इसराळू हाय, मारकी न्हाय."

बाजारात सौदा कापडाखाली बोटं धरून होतो. केरबानं खांद्यावरचा टॉवेल माऊसवर टाकला, आत हात घातला आणि 'मान्य' दाबलं. प्रोग्रॅम चालू झाला.

पुढं प्रसेनजीतनं ती खोड काढून टाकली आणि नवी सीडी घेऊन गारगोटीच्या बाजूला गेला. आमच्या केरबाची कीर्ती तिकडंही पोचलेली. तिथल्या दूध संस्थेच्या चेअरमननं पहिलंच विचारलं, "खोड काय?"

"काढली."

"म्हंजे लपीवली." सीडी परत.

तीन-चार गावांत हेच. प्रसेनजीत डोकं धरून आमच्याकडं आला. "आण्णा, आता खोड परत घालू व्हय?"

केरबानं टॉवेल खांद्यावर टाकला. "घाल. पर नवी नगं. जुनीच घाल, ती मानसांच्या वळखीची हाय."