अडलेलं अक्षर

“बोलतोयस का मशीन चालवतोयस रे?”

किराणा दुकानदाराचा तो आवाज जाडाभरडा, हसरा होता, आणि त्यामागे दुकानातल्या साऱ्यांचं हसू. समोर मुठीत नाणं घट्ट धरलेला एक मुलगा. त्याला काडेपेटी हवी होती. पहिलं अक्षर येत होतं, परत परत येत होतं, पण त्याच्या मागून शब्द येत नव्हता. दारात अडकलेल्या म्हशीसारखं ते अक्षर घशात आडवं उभं. शेवटी त्याने फळीकडे बोट केलं आणि स्वच्छ म्हणाला, “मेणबत्ती द्या.” घरी येऊन आईला सांगितलं, तिकडे मेणबत्त्याच उरल्यात.

त्या दिवशी त्याला कळलं की अडलेल्या शब्दाला वळसा घालता येतो.

मग तो वळशावळशानेच मोठा झाला. शिंपी झाला. दैवाची थट्टा अशी की त्या धंद्यात पावलोपावली तेच अक्षर: कापड, कात्री, काज, कॉलर, कंबर. कापडाला तो ‘माल’ म्हणे, काजाला ‘बटणाचं घर’, कात्रीला ‘ती धार’. कंबरेचं माप घ्यायचं झालं की म्हणे, “पट्टा बांधता तिथे हात लावा.” गिऱ्हाइकांना वाटायचं, केवढा मर्यादशील माणूस! काय, का, कोण, कधी, कुठे, किती, कसं हे सगळे प्रश्न तर त्याच अक्षराच्या उंबऱ्यावर बसलेले, म्हणून त्याने प्रश्न विचारणंच सोडून दिलं. आळीत त्याचं नाव पडलं ‘मुनी’. बायकोही समजायची, आपला नवरा तोलूनमापून बोलतो. तो तोलत नव्हता, चुकवत होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

पण नावाला दुसरा शब्द नसतो.

बाळ झालं. बाळाच्या जन्माआधी थोडेच दिवस बायकोचे वडील गेले होते. म्हातारे घड्याळं दुरुस्त करायचे. बाळाची वाट बघता बघता त्यांचा श्वास संपला. बायकोने ठरवून टाकलं की मुलाला त्यांचंच नाव द्यायचं. ते नाव त्याच अक्षराने सुरू होत होतं.

खिडकीतल्या उन्हात बाळाचं अंग पुसता पुसता ती गुणगुणत होती:

“वारा आला दारी गं, वारा म्हणे येऊ का,
निजला गं माझा राजा, झोका हळू देऊ का…”

“आता या ‘राजा’च्या जागी बाबांचं नाव घालायचं,” ती म्हणाली. “बसतंय बघा, मापात!”

“जुनं वाटतं गं,” तो म्हणाला.

“जुनं असलं म्हणून काय झालं? माणूस सोन्यासारखा होता.”

“शाळेत पोरं चिडवतील.”

“चिडवू देत. तुम्हाला ‘मुनी’ म्हणतात, झिजलात का?”

“आमच्या जुन्या आळीत त्याच नावाचा एक दारुडा होता.”

तिने टॉवेल खाली ठेवला. “परवा म्हणालात चोर होता. आज दारुडा झाला. एवढ्या लोकांचं तेच नाव असेल तर ते जुनं कसं हो?”

त्याला हसू आलं, पण तिला आलं नाही. बाळाला दुपट्यात गुंडाळत ती हलक्या आवाजात बोलली, आणि तो हलका आवाजच त्याला जास्त लागला.

“खरं सांगू? तुम्हाला बाबा आवडत नव्हते. आजारपणात इतके दिवस त्यांच्याजवळ बसलात, पण एकदा तरी ‘कसे आहात’ म्हणून विचारलंत? रस्त्यावरचं माणूसही विचारतं.”

म्हाताऱ्याचे थंड पाय त्याने मांडीवर घेऊन चोळले होते. रोज तोच प्रश्न जिभेवर यायचा, आणि रोज तो म्हणायचा, “आज ऊन छान आहे, बाबा.”

“रविवारी आई येतेय, मामा येतोय,” ती म्हणाली. “चहाला बोलावलंय सगळ्यांना. नाव तुम्हीच सांगायचं. बाळाचा बाप सांगेल तेच नाव. नको असेल तर दुसरं सांगा. मी चारचौघांत तुम्हाला खोटं पाडणार नाही. पण मला काय कळायचं ते कळेल.”

दुकानात मापाचा लाकडी पुतळा होता, बिनडोक्याचा. शनिवारी दार लोटून शिंपी त्याच्यासमोर उभा राहिला. छातीशी हात धरले आणि नाव म्हटलं. आलं! पाण्यासारखं आलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा आलं. एकटं असलं की त्याचं काहीच अडायचं नाही. त्याने पुतळ्याच्या खांद्यावर थाप मारली. तेवढ्यात दारातून कुणी म्हणालं, “मुनी, कुणाशी एवढं बोलताय?” गिऱ्हाईक होतं, मित्रच तसं. शिंप्याने वळून नाव सांगायला तोंड उघडलं आणि घशात तीच आडवी म्हैस.

“पँट तयार आहे,” तो म्हणाला. पँट तयार नव्हती.

त्या संध्याकाळी त्याने मनाशी एक दुसरं नाव ठरवलं. ‘स’ने सुरू होणारं, गुळगुळीत. साबणासारखं ओठांवरून घसरेल असं.

रविवारी खोली माणसांनी भरली. कपबश्या कमी पडल्या म्हणून मामाने पेल्यातून चहा घेतला. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही, पण बाळाची जिवणी बोटाने चाचपत त्या पुन्हा पुन्हा जावयाकडे बघत होत्या. नवरा गेल्यापासून त्यांनी लेकीकडे हे नाव तेवढं मागितलं होतं.

“चला, मुनी महाराज,” मामा म्हणाला, “मौन सोडा आता! आमच्या भाच्याचं पोर किती दिवस ‘ए छोट्या’वर काढणार?”

“भाचीचं रे,” सासूबाई म्हणाल्या. “एवढं तरी नीट बोल.”

सगळे हसले. शिंपी उभा राहिला. खिडकीपाशी बायको उभी होती, हाताची घडी घालून. ती हसली नव्हती.

त्याने श्वास घेतला आणि ठरवलेलं सोडून बाबांचंच नाव घ्यायला गेला. जीभ मागे टाळूला चिकटली आणि सुटेना. मानेची शीर वर आली. खोलीतलं हसू हळूहळू विरलं. बशीवर चमचा वाजला. तो तसाच उभा, तोंड उघडं, आवाज नाही. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर वळवली. तिला कळायचं ते कळलं होतं.

“राहू द्या हो, जावईबापू,” सासूबाईच म्हणाल्या. त्या हसायला बघत होत्या, पण ओठ थरथरत होते. “मनाविरुद्ध नाव ठेवू नये पोराला. नाव काय, कुठलंही गोडच लागतं. दुसरं काही ठरवलं असेल ना तुम्ही? तेच सांगा.”

वाट मोकळी होती. गुळगुळीत नाव ओठांवर तयार होतं. एक शब्द, आणि सगळं सुरळीत. चहा गार होण्याआधी बाळाला नाव मिळालं असतं, आणि आयुष्यभर हाक मारताना त्याला घाम फुटला नसता.

सासूबाईंनी बाळाला लेकीकडे द्यायला हात पुढे केले. “त्यांना मात्र तुम्ही फार आवडायचात हो,” त्या बोलून गेल्या. “म्हणायचे, हा माणूस पाय चोळतो तेव्हा दुखणं विसरतो मी.”

“आई, थांबा,” शिंपी म्हणाला. “माझं… मला क… क… क…”

डोळे मिटले गेले, जबडा हलू लागला. मामाच्या ओठांवर हसू उमटायला लागलं होतं, ते तिथेच थिजलं. बायको शब्द पुरवायला एक पाऊल पुढे आली. मग नवऱ्याचा तो चेहरा, आजवर तिला कधीच न दिसलेला, बघून जागीच थांबली. त्याने या वेळी वळसा घातला नाही.

“क… क… कसे आहात,” तो म्हणाला. “हे रोज विचारायचं होतं बाबांना. रोज. आलं नाही. हे अक्षर मला अडतं. लहानपणापासून अडतं. आजवर लपवत आलो,” तो बायकोकडे वळला, “तुझ्यापासूनसुद्धा. चोर नव्हता, दारुडा नव्हता, तसलं क… क… कुणीच नव्हतं. नाव बाबांचंच ठेवा. फक्त माझी हाक याच्यापर्यंत पोचायला वेळ लागेल. तेवढं त्याला सांगा.”