आत्याच्या पाठीतल्या सळया

कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात, पांढऱ्याशुभ्र शिवारातून आधी बांगड्यांचा बारीक नाद यायचा आणि मग कपाशीच्या ओळीत वाकलेली एक पाठ दिसायची; धावड्याची माझी आत्या मला अशी चेहऱ्याआधी पाठीनंच आठवते. सगळा जन्म ओणव्यानं गेलेली ती बाई बोलायची मात्र ताठ मानेनं. त्या पाठीतला एक मणका पुढे सरकला, पाय बधिर पडू लागला आणि हो-नाही करता करता तिचं ऑपरेशन झालं.

डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. मणक्यांत स्क्रू बसवून ते पाठीच्या वळणाबरहुकूम वाकवलेल्या दोन सळयांनी जोडलेत, आणि तिच्याच कमरेचं थोडं हाड काढून मधे भरलंय. सळयांचं काम एवढंच, की ते हाड धरेपर्यंत काही हलू द्यायचं नाही. मोसंबीचं कलम करताना डोळा भरल्यावर तो जीव धरेपर्यंत आपण पट्टी बांधतो, तसं. हाड धरलं नाही तर स्क्रू ढिले पडतील, सळई मोडेल, पायही जाईल. म्हणून सांगेपर्यंत वाकायचं नाही. आत्यानं मान डोलावली आणि गावात येऊन सगळ्यांना सांगितलं, की पाठीत लोखंड घातलंय, आता मी तुमच्याहून पक्की. गावालाही ते बराबर पटलं. लोखंड असल्यावर जपायचं कशाला, असं जो तो म्हणू लागला. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग यायचा.

दसरा सरला, कपाशी फुटली. आत्याच्या घरी पहिल्या वेचणीला शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून थोरल्या बाईनं पहिलं बोंड वेचायचं, तेही झाडाच्या अगदी बुडातलं; त्याआधी कुणी हात लावायचा नाही. सासू गेल्यापासून तो मान आत्याचा. यंदा सुनेला पुढे कर म्हटलं, की ती आमच्यावरच खेकसायची. कापूस गळून मातीत पडू लागला तरी ऐकेना. शेवटी एका सकाळी कमरेला पट्टा बांधून ती शेतात गेली, नैवेद्य दाखवला गेला, आणि पदर खोचून ती झाडापुढे उभी राहिली. आमचा जीव टांगणीला लागला. बऱ्याच वेळानं तिनं सुनेचा हात धरून तिला पुढे ओढलं.

"तूच वाक मंग," ती म्हणाली. "मला आजून चालायचंय."

सून वाकली. आत्या ताठ उभ्यानंच रडली.

हाड धरलं. डॉक्टरांनी वाकायची मुभा दिली, पुढं कैक वर्षं ती आपल्या पायांनी शेतात गेली, पण पहिलं बोंड तिनं परत मागितलं नाही. गेल्या माघात ती गेली. अस्थी गोळा करताना राखेत त्या दोन सळया सापडल्या, काळवंडलेल्या, किंचित बाकदार. सळयांनी धरून ठेवलेल्या हाडांचा मात्र बोट लागताच भुगा होत होता. काळानं आत्या नेली, आणि तिच्या पाठीचं वळण तेवढं माझ्या तळहातावर ठेवलं.