कुटुंबीयांस एक पत्र

"पन तुम्ही तर वारलात ना?" दारातल्या बाईने विचारलं आणि ओढणीचा पदर तोंडावर धरला.

मी फक्त नाव सांगितलं होतं. चांगदेव म्हात्रे, पेणहून आलोय, नजमुद्दीन हुर्जुक इथेच राहतात का?

"अजून न्हाय गो बाय," मी म्हणालो. "हुर्जुकसाहेब हायेत का घरात?"

"अब्बांचा इंतकाल झाला. रमजानच्या आधी गेले." तिने दार पूर्ण उघडलं. "या, बसा. मी सकिना, त्यांची सून."

मी बसलो.

एस.टी.त मी छत्तीस वर्षं काढली, शेवटची वीस वाहतूक नियंत्रक म्हणून. निवृत्त झालो आणि 'खाडीकाठ' नावाच्या साप्ताहिकात दर गुरुवारी सदर लिहू लागलो, 'चहा निवेपर्यंत'. वाचलेली पुस्तकं, टीव्हीवरची भांडणं, निवडणुका, खाडीतला भराव. ज्यावर मत आहे त्यावर लिहायचं, आणि मला मत कशावर नसतं? अशी अठरा वर्षं गेली.

त्यात मला खरा वाचक एकच मिळाला, हा हुर्जुक. बोर्ली पंचतनहून दर आठवड्याला त्याचं पोस्टकार्ड यायचं. 'सप्रेम सलाम. आपला लेख वाचला. पटला नाही.' पुढे माझी सालटी काढलेली असायची. मी केलेलं पुस्तकाचं कौतुक त्याला भाबडं वाटे, राजकारणावरचा माझा राग उथळ वाटे. मी चिडायचो, कार्ड कोकिळेला वाचून दाखवायचो, आणि ही माझी बायको गालात हसून म्हणायची, "त्याचंच बरोबर हाय." ती जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. तेव्हापासून घरात माझ्याशी वाद घालणारं ते कार्डच तेवढं उरलं होतं. आम्ही कधी भेटलो नाही. एकमेकांचा फोन नंबरही घेतला नाही. फोनवर भांडण फार लवकर मिटतं.

गेल्या दिवाळीत संपादक परेशने छपाई बंद केली. "काका, आता सगळं मोबाईलवर. वाचक वाढतील बघा." वाढले. लेखाखाली अंगठे येऊ लागले, 'मस्त काका' येऊ लागलं. बोर्लीचं कार्ड मात्र आलं नाही. मला वाटलं, म्हातारा रुसला. मग त्याला डिवचायला मी मागच्या महिन्यात चक्क मनाविरुद्ध लिहिलं, की गावोगावची वाचनालयं आता बंद करावीत, तिथे माणसांपेक्षा वाळवी जास्त. जिथे मी वाचायला शिकलो त्या जागेबद्दल हे लिहिताना मला लाज वाटत होती. पण वाटलं, आता तरी हुर्जुक पेटून उठेल. सत्तावीस अंगठे आले. 'अगदी मनातलं बोललात काका.' त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढच्याच आठवड्यात बोर्लीची गाडी धरली.

सकिनाने चहा आणि नानकटाई पुढे ठेवली.

"पेपर यायचा थांबला ना, तर अब्बा दोन-तीन गुरुवार ओट्यावर बसून ऱ्हायले. मग बोलले, चांगदेवराव गेले. मी बोलले, अब्बा, पेपर बंद झाला असंल. तर म्हनाले, न्हाय गो, तो मानूस जिता असता तर मला हातानं लिवून कळवलं असतं."

मी कप खाली ठेवला. परेशने पेपर बंद झाल्याचं फक्त ग्रुपवर टाकलं होतं आणि हुर्जुकांकडे तसला फोन नव्हता. पण मला त्यांचा पत्ता पाठ होता. अठरा वर्षं कार्ड त्यांनी पाठवायचं आणि मी छापून उत्तर द्यायचं, या रुबाबात मला एक साधं कार्ड टाकायची बुद्धी झाली नाही.

"तुमच्यासाठी दुआ पन मागितली त्यांनी," सकिना म्हणाली. "मग पत्र लिवलं, पेपरच्या हापिसाच्या पत्त्यावर. ते परत आलं तवर अब्बाच ऱ्हायले न्हाईत."

आत जाऊन तिने कपाटातून पाकीट आणलं. वर 'कार्यालय बंद' असा पोस्टाचा शेरा होता. खाली ओळखीच्या, किरट्या अक्षरात लिहिलं होतं, 'कै. चांगदेव म्हात्रे यांच्या कुटुंबीयांस'.

"मी फोडलं न्हाय. ज्यांच्या नावाचं त्यांनीच फोडावं. तुम्ही घरच्यांना नेऊन द्या." मग तिने सहज विचारलं, "कोन कोन असतं घरी?"

"हायेत," मी म्हणालो. "देतो नेऊन."

परतीच्या गाडीत पाकीट चारदा खिशातून काढलं आणि चारदा परत ठेवलं. शब्द दिला होता. दिवेलागणीला घरी पोचलो, कुलूप काढलं, दिवा लावला आणि कोकिळेच्या फोटोसमोर बसून पाकीट फोडलं.

'सप्रेम सलाम. चांगदेवराव गेले असे समजून लिहीत आहे. पटलेले नाही. मी त्यांच्याशी अठरा वर्षे भांडलो, कारण माझे म्हणणे इतके मनावर घेणारे बोर्लीत दुसरे कोणी नव्हते. मी मुसलमान म्हणून त्यांनी एकदाही मला सांभाळून उत्तर दिले नाही, याचे फार समाधान वाटे. आपण सर्वांनी धीर धरावा. एक विनंती आहे. त्यांची पुस्तके रद्दीत घालू नका, गावच्या वाचनालयाला द्या. त्यांनाही तेच आवडले असते.'

पत्र मी एकदा मनात वाचलं. मग उभा राहिलो आणि पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचलं, घरच्यांना ऐकू जावं म्हणून.