अष्टमीचं पाणी

पौर्णिमेला खाडीला उधाण येतं खरं, पण ते भर दुपारी. संध्याकाळी बघावं तर नुसता चिखल. सूर्य मावळताना पाणी काठोकाठ हवं असेल तर अष्टमीच गाठायला हवी. मोनालीच्या ऑनलाइन फोटोग्राफीच्या वर्गातल्या बाकीच्या बायका हे ॲपवर बघत. मोनालीने बोटांवर मोजलं, बाबा मोजायचे तसं, आणि तिचं तिलाच बरं वाटलं. नवीन पनवेलला फ्लॅटमध्ये इतकी वर्षं काढूनही तिथी अंगातून गेलेली नव्हती.

तिचं माहेर खाडीला लागून. मागचं दार उघडलं की दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत. आता तिथून रस्ता जायचा होता. गुरुवारी टेम्पो येणार आणि आई, भीमाबाई, मोनालीच्या भावाच्या, भावेशच्या, कळंबोलीच्या घरी राहायला जाणार. त्या घराच्या खिडकीतून ट्रक दिसत, दिवसभर ट्रकच. निदान भिंतीवर तरी मागच्या दारचा सूर्यास्त असावा, असं मोनालीने मनाशी धरलं होतं. पुढच्या अष्टमीला हे दारच नसणार. म्हणजे जे काय व्हायचं ते आज.

लेकीला, आभाला, सांभाळायला नवरा मिथुन येणार होता, पण ऐन वेळी त्याचा फोन आला. "जासईला गाड्या अडकल्यात गं. तू घे सांभाळून."

घे सांभाळून म्हणे! आभा तीन वर्षांची. मोनाली म्हणजे द्राक्षंसुद्धा उभी चिरून देणारी, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवणारी आई. आणि समोर भरलेली खाडी. भीमाबाईंचे गुडघे असे, की पोर धावली तर त्या हाक मारण्यापलीकडे काही करू शकणार नव्हत्या.

तिने पायरीवर ट्रायपॉड उभा केला. कॅमेरा जुनाच, कुणाकडून तरी घेतलेला. डोळा लावला की कान आभाकडे. पैंजण वाजलं की डोळा बाहेर. पहिल्या फोटोत पाणी तिरकं, जसं काही खाडी एका बाजूने सांडतेय. दुसऱ्यात सगळं काळं आणि मध्ये एक पांढरा ठिपका.

"आभा, मागे! आभा, मम्मीने काय सांगितलं?"

"तुजा सूर्य बुडंल गो वरडता वरडता," दारात बसलेल्या भीमाबाई म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात देत उठल्या, आत गेल्या आणि बांधाबांध केलेल्या गाठोड्यातून एक दोर घेऊन आल्या. जाळ्याचा, वापरून वापरून मऊ झालेला. "बांध कमरेला."

"आये! जनावर आहे का ती?"

"तू व्हतीस जनावर? याच दोरानं बांधलेली तुला. बी.एस्सी. झालीस ना? काय कमी झाला?"

मोनाली हसली नाही. लग्न ठरलं तेव्हा ही दोराची गोष्ट सासरी कळू नये म्हणून तिने आईला दम दिला होता. आता दोर हातात आला आणि त्याचा वास आला, मीठ आणि सुकटीचा. तिला सगळं आठवलं. आई खाली जाळी धुवायची, आणि दाराच्या खांबाला बांधलेला दोर बरोबर कोरड्या पायरीपर्यंत पुरायचा. तिथे बसून ती खारवलेली चिंच चोखायची. बाबांची होडी आधी काडीएवढी दिसायची, मग मोठी होत यायची. मागे पाणी आधी पिवळं, मग भगवं, मग जांभळट. दुसरं करायला काही नव्हतंच. आज ती जो सूर्यास्त शोधत होती तो तिने त्या पायरीवर बसून, बांधलेल्या अवस्थेत पाहिला होता.

तिने आपली ओढणी आभाच्या कमरेला गुंडाळली, टोचू नये म्हणून, आणि वरून दोर बांधला. दुसरं टोक खांबाला नाही, स्वतःच्या कमरेला.

"मी भूभू!" आभा खूश झाली.

मोनालीने ट्रायपॉडचे पाय आखडले, ती त्याच कोरड्या पायरीवर बसली आणि डोळा लावला. दोर ताणला, सैल पडला, पुन्हा ताणला. पोर कुठे आहे ते आता कमरेला कळत होतं. तिने पहिल्यांदाच घाई न करता पाणी सरळ केलं, उजेड थोडा कमी घेतला. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा बटण दाबलं.

"आये, बघ."

भीमाबाईंनी कॅमेरा लांब धरून बघितलं. "चांगला हाय. कॅलेंडरावानी."

"पण?"

"माजी पायरी कुठंय?"

"सूर्यास्ताचा फोटो आहे गं तो."

"सूर्य काय, कळंबोलीला पन बुडतो. ट्रकांच्या मागं बुडंल. पायरी तितं कोन देनार मना?"

मोनालीने खाडीकडे पाहिलं. सूर्य तर गेला होता. पण वर्गात शिकवलं होतं, सूर्य गेला म्हणून लगेच आवरायचं नाही, उजेड मागे रेंगाळतो. ती आभाला कडेवर घेऊन दारापर्यंत मागे आली, ट्रायपॉड उंबऱ्यात लावला. आता चौकटीत पायऱ्याच पायऱ्या, झिजलेल्या, खालच्या ओल्या. पाणी वर थोडंसं. अंधारात उजेड गोळा व्हायला वेळ लागतो, म्हणून तिने शटर बराच वेळ उघडं राहील असं लावलं; तेवढा वेळ जे स्थिर राहील तेच फोटोत नीट उमटणार होतं.

बटण दाबलं आणि तेवढ्यात भीमाबाई तिच्या शेजारून खाली उतरल्या. रोज दिवेलागणीला त्या पाय धुवायला उतरत. कॅमेरा चालू आहे हे त्यांना कुठलं कळायला! खालच्या पायरीवर त्या बसल्या, पाय पाण्यात सोडले.

बाजूला हो, असं मोनालीच्या तोंडावर आलं होतं.

"आये," ती हळूच म्हणाली, "हलू नको. जराशी तशीच बस."

"कवरा येळ?"

"जितका वेळ बसवेल तितका."

भीमाबाई बसून राहिल्या. आभासुद्धा आईच्या खांद्यावर मान टाकून आजीकडे बघत राहिली. शटर अजून उघडंच होतं.