सोबतीची झोप

त्या दुर्बिणीच्या दवाखान्यात भुलीचं इंजेक्शन पेशंटला देत नसत, सोबत आलेल्या माणसाला देत. सोबतीचं माणूस झोपलं की पेशंटचं अंग बधिर व्हायचं. भरल्या पोटी भूल चढत नसे, म्हणून दोघांनीही उपाशीपोटी यायचं, असं नाव नोंदवतानाच बजावलेलं असे.

मालन खोचरेंच्या घशातून दुर्बीण पोटात जायची होती. दुर्बिणीचं त्यांना फारसं काही नव्हतं. धास्ती होती ती नवऱ्याची. आनंदराव कुठल्याही गोष्टीला आधी हो म्हणत आणि मग स्वतःला हवं तेच करत. एकतीस वर्षांत याला अपवाद दोन, तेही तापात.

बाकावर बसल्या बसल्या मालनबाईंनी पुढच्या जोड्या पारखून घेतल्या. एक सून सुई बाहेर निघायच्या आत झोपली. सासू हसत बाहेर आली आणि सांगू लागली, मला काही म्हणता काही कळलं नाही, झोपायच्या बाबतीत आमची ही घरीही तयारच असते. मग दोन सख्खे भाऊ आत गेले. आजारी भाऊ बाहेर आला तो भिंत धरून, आणि धाकट्याकडे न बघता जिना उतरला.

एवढ्यात आनंदराव गाडी नीट लावली का ते बघून आले. त्याला त्यांना वीस मिनिटं लागली होती. त्यांच्या दातात कोथिंबिरीचं पान होतं.

"अहो, काही खाल्लंत?"

"पाणीसुद्धा नाही. तुझी शपथ."

शपथ नेहमी बायकोचीच असायची.

मालनबाईंनी सिस्टरच्या कानावर घातलं. सिस्टरने आनंदरावांनाच विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि सिस्टरने कागदावर 'उपाशी' लिहिलं.

आत दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. आनंदरावांना सुई टोचली आणि ते लगेच घोरू लागले. सिस्टरने मालनबाईंच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढला.

"लागतंय," मालनबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी शेजारच्या खाटेवर नजर टाकली. "काकू, ते तर गाढ झोपलेत. तुम्हाला कसं लागेल?"

"झोपलेले नाहीत ते. त्यांचं घोरणं मी ओळखते."

"भीतीने असं वाटतं सगळ्यांनाच," डॉक्टर मायेने म्हणाले. सिस्टरने मालनबाईंच्या दातांत प्लास्टिकची कडी बसवली आणि तिचा पट्टा मानेमागे आवळला. आता बोलता येत नव्हतं.

दुर्बीण ओठांशी आली. शेजारचं घोरणं क्षणभर थांबलं, कान देऊन ऐकल्यासारखं, आणि मग जरा मोठ्या आवाजात पुन्हा सुरू झालं.