भुंकण्याचा नेम

मित्रांनो, मी एक जुना कुत्रा आहे. म्हातारा म्हणत नाही, कारण म्हातारपण माणसांना येते. आम्ही कुत्री नुसती झिजतो. माझे पुढचे दोन दात पडले आहेत. मागचा उजवा पाय सकाळी उठताना कुरकुरतो आणि एका डोळ्यावर धुके उतरले आहे. नाक मात्र देवाने अजून मागून घेतलेले नाही. त्या नाकाची आणि माझ्या एका चुकीची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका लाकडाच्या वखारीत भुश्याच्या ढिगावर झाला. आम्ही पाच भावंडे. डोळे उघडून महिना झाला असेल, तेव्हा बचाव पथकातले नाना तेथे आले. त्यांनी दुधाची ताटली आमच्यापुढे ठेवली आणि स्वतः ओंडक्यांमागे लपले. चौघे दुधावर तुटून पडले. मी मात्र दूध सोडून नानांना हुडकत गेलो आणि त्यांच्या बुटाची नाडी दातांत धरून बसलो. वखारवाला हसला, म्हणाला, हे पिल्लू खुळे दिसते, दूध टाकून बूट चावते. नाना म्हणाले की खुळेच हवे आहे. अशा रीतीने मी सरकारी नोकरीत लागलो.

शिकवणी वर्षभर चालली. पथकातला कोणीतरी सिमेंटच्या पाइपात, पिंपात किंवा फळ्यांखाली लपे. मी त्याला शोधायचे आणि नाना येऊन माझ्या पाठीवर हात ठेवेपर्यंत भुंकत राहायचे. मग लपलेला माणूस आपण होऊन बाहेर येई, खिशातून दोरीची गाठ काढी आणि माझ्याशी पोटभर खेळे. सापडलेल्या माणसाचा आनंद हाच माझा पगार. दुसरेही एक शिकवले होते. माणूस जिवंत असेल तरच भुंकायचे. नसेल, तर शेजारी गप्प बसून राहायचे. हा माझा नेम होता. नानांचाही एक नेम होता. दिवस कितीही थकवणारा गेला तरी निजण्यापूर्वी ते माझे चारही पंजे कोमट पाण्याने धूत आणि बोटांच्या बेचक्यांतले खडे काढत. तो नेम एकदाही चुकला नाही.

आठ वर्षे मी काम केले. पडलेल्या इमारती, घसरलेले डोंगर, पुराचा गाळ. जिन्याखाली सापडलेल्या एका बाईने माझा कान असा घट्ट धरला होता की रुग्णवाहिकेतही मला तिच्याबरोबर जावे लागले. पण दिवस सगळेच असे नसतात. एका ठिकाणी चार दिवस मी नुसता गप्प बसत गेलो. इथे बसलो, तिथे बसलो. चौथ्या संध्याकाळी मी अन्नाला तोंड लावले नाही. नानांनी ओळखले. त्यांनी पथकाच्या स्वयंपाक्याला ढिगाऱ्याच्या कडेला दोन फळ्यांखाली झोपवले आणि मला सोडले. मी त्याला शोधले, जीव तोडून भुंकलो. स्वयंपाकी पिठाच्या हातांनी बाहेर आला आणि मला मिठी मारून ढसाढसा रडला. ते सापडणे खोटे होते, हे मला मागाहून कळले. रडणे खरे होते.

नाना आणि मी एकाच वर्षी निवृत्त झालो. भिंतीवर पदक टांगले गेले आणि आम्ही दोघे पडवीत बसू लागलो. मी नानांचा चष्मा शोधून देत असे, दिवसातून तीनदा. पण चष्मा काही कोणाला मिठी मारत नाही. मी दिवसेंदिवस पाय पसरून पडून राही आणि नाना माझ्याकडे बघून उसासे टाकत.

अशात एका कार्यक्रमाच्या दिग्दर्शिका घरी आल्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांचा खेळ असा होता: रानात सहा जोड्या बारा दिवस राहणार. जोडीतली दोघे एकमेकांची नातलग. प्रत्येकाच्या दंडावर केशरी पट्टी. रोज सकाळी चिठ्ठी काढून एक जोडी शिकारी ठरणार, बाकीच्यांनी लपायचे. शिकाऱ्यांनी एकाची जरी पट्टी काढली तरी ती अख्खी जोडी बाद. चार दिवसांनंतर शिकाऱ्यांच्या मदतीला एक कुत्रा दिला तर लोक टीव्हीपुढून उठायचे नाहीत, असे बाईंचे म्हणणे होते.

नानांनी एकच प्रश्न विचारला. "सगळे जिवंत असतील ना?"

बाईंना हसू आले. "असं काय विचारता नाना? खेळ आहे हो."

त्या संध्याकाळी पंजे धुताना नाना माझ्याशी बोलत होते. म्हणाले, गड्या, आता तुला सगळी हसतीखेळती माणसंच सापडतील. मित्रांनो, नानांना लोभ नव्हता. माझ्यावर माया होती, आणि चूक त्या मायेनेच झाली.

तळावर पोचलो तेव्हा चार दिवस सरले होते आणि जोड्या विश्रांतीला आल्या होत्या. त्यांत एक नणंद-भावजयीची जोडी होती. नणंद थोरली; रुग्णालयात एक्स-रे काढायची. भावजय शाळेचे गणवेश शिवायची. घरात ताटे कोणी घासायची यावरून ज्यांचे जमत नाही त्या रानात जोडीने कशा राहणार, म्हणून बाकीचे त्यांची टर उडवत. भावजय म्हणे, इथे ताटंच नाहीत, मग भांडायचं कशावरून? तिनेच माझ्यासाठी घमेल्यात पाणी आणले. माझे भुंकणे म्हणजे काय आणि गप्प बसणे म्हणजे काय, हे तिने नानांना खोदून खोदून विचारून घेतले. नणंद म्हणाली, याला आमच्या घरी ठेवा, आमची वहिनी रुसली की बोलतच नाही, जिवंत आहे का तेवढं तरी कळेल. नानासुद्धा हसले.

पाचव्या दिवशी काम सुरू झाले. त्या दिवशी शिकारी होते दोघे मावसभाऊ, गॅरेजमध्ये काम करणारे. मी तासाभरात एका बेकरीवाल्याला करवंदीच्या जाळीत गाठले आणि भुंकलो. शेपूट हलवत मी त्याच्या खिशाकडे बघत राहिलो, की आता दोरीची गाठ निघेल. मावसभाऊ धावत आले, त्यांनी पट्टी ओढून काढली आणि एकमेकांना मिठ्या मारल्या. बेकरीवाला मात्र तोंड झाकून खाली बसला. त्याची सून त्याच्याबरोबर खेळात होती. आता तिलाही घरी जावे लागणार होते. मी त्याचा हात चाटू लागलो, तर तो म्हणाला, "तुझ्या तोंडाला कुलूप का लागत नाही रे?"

सातव्या दिवशी तसेच. आठव्याही दिवशी तसेच. जिवंत, धडधाकट माणसे मी शोधत होतो आणि ती मला ढकलत होती. नाना माझे पंजे धूत तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघे, पण त्यांनाही काही उमगत नव्हते. मी जेवत होतो, एवढ्यावर त्यांनी समाधान मानले.

नवव्या दिवशी मी शिकाऱ्यांच्या आणि कॅमेऱ्यांच्या बराच पुढे निघालो होतो. ओढ्यापलीकडे एका खडकाच्या कपारीत मला ती नणंद सापडली. घसरून पडली होती, पायाला खोल जखम झाली होती. पाऊल सुजून मडक्याएवढे झाले होते आणि घामाला तापाचा वास येत होता. मदत मागायची शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात असे, पण तिची दोरी तुटून शिट्टी खाली घळीत गेली होती. मी भुंकायला तोंड उघडले. तिने ओठांवर बोट ठेवले.

"नको रे राजा. आजचा दिवस फक्त, अंधार पडला की सरकत सरकत ठरल्या जागी जाईन. मी सापडले तर माझी वहिनीही जाईल. ती बिचारी शिवणयंत्र सोडून कधी कुठे गेली नाही रे. जा."

आणि आपल्या वाटणीची अर्धी भाकर तिने माझ्यापुढे टाकली.

मित्रांनो, माझ्या नाकाला सगळे कळत होते. ही लपलेली नाही, अडकलेली आहे, हे नाक सांगत होते. पण मला बेकरीवाला आठवला. एकदा तरी सापडलेल्या माणसाने माझ्यावर खूश व्हावे असे मला वाटले. मी भाकर खाल्ली आणि गप्प माघारी फिरलो. तिने मागून हलकेच शाबास म्हटले. पाच दिवसांत मला मिळालेली ती पहिली शाबासकी होती, आणि माझा नेम मोडल्याबद्दल होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय आपल्या पायांनी तळावर आली. दंडावरची पट्टी तिने स्वतः सोडली होती. ती तिने बाईंच्या टेबलावर ठेवली. सांगू लागली, की ठरल्या जागी नणंद आली नाही, रात्रभर आली नाही. बाईंना वाटले तो डाव असेल. चांगल्या लपल्या असतील, त्या म्हणाल्या, तुम्ही घाई केलीत, उद्या पश्चात्ताप कराल.

"आमच्या वन्सं मला न सांगता शेजारीसुद्धा जात नाहीत," भावजय म्हणाली. "खेळ तुमचा तुम्हाला ठेवा. कुत्रा सोडा."

नानांनी नणंदेची शाल मला हुंगायला दिली. तिची गरज नव्हती. मला जागा ठाऊक होती. दुखरा पाय विसरून मी सुटलो आणि ओढा ओलांडून कपारीत पोचलो. ती तशीच होती, पण डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. मला तिचे ते बोट आठवले. मी तिच्या शेजारी बसलो. गप्प.

ओढ्याच्या अलीकडच्या काठावर नाना, भावजय, बाई आणि त्यांचा कॅमेरावाला येऊन थांबले. तेथून त्यांना मी दिसत होतो. नानांनी मला बसलेले पाहिले आणि ते जागच्या जागी थिजले. आठ वर्षे त्यांनी मला असे बसलेले पाहिले होते आणि माझे बसणे कधी खोटे निघाले नव्हते. बाईंनी कानाला लावलेला हेडफोन काढून हातात घेतला.

"नाना, तो भुंकत का नाही?" भावजयीने विचारले.

उत्तर तिला माहीत होते. तिनेच ते खोदून खोदून विचारून घेतले होते. ती पाण्याच्या अगदी कडेला गेली. मग तेथून तिने हाक मारली. रडणे नव्हे, हाक. घरात स्वयंपाकघरातून माजघरात मारावी तशी.

"वन्सं... अहो वन्सं!"

माझ्या कानाशी, कापूस खाली पडावा इतक्या हळू आवाजात, नणंदेने ओ दिली.

ती ओ पलीकडे पोचणे शक्य नव्हते. पोचवायचे काम माझे होते. मी भुंकलो, मित्रांनो. नाना कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले, त्यांनी पाठीवर हात ठेवला, तरी मी थांबलो नाही. कालचे आणि आजचे दोन्ही मी एकदम भुंकलो.

डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर पाऊल कापावे लागले असते. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या नणंदेने आधी खेळाची चौकशी केली. तेव्हा भावजय तिला काय काय बोलली! घरी काटा रुतला तर सारं घर डोक्यावर घेता आणि इथे तोंड शिवून बसलात, म्हणाली. नणंद म्हणाली, तुला जिंकायचं होतं ना. भावजय कपाळाला हात लावून म्हणाली, "मला? मला मेलीला डासांचा कंटाळा. तुमची हौस म्हणून आले मी." त्यावर दोघी एवढ्या हसल्या की उचलणाऱ्यांचा पाय अडखळला.

कार्यक्रम टीव्हीवर लागला तेव्हा मी शूर ठरलो. माझे गप्प बसणे मोठ्या संगीतासह दाखवले. लोक आमच्या पडवीत फोटो काढायला आले, महिनाभर आले, मग येईनासे झाले. आदल्या दिवसाची भाकर कोणालाच ठाऊक नव्हती. पुढे काठी टेकत नणंद स्वतः आली आणि तिने ती नानांना सांगितली. माझीच चूक, मुक्या जिवाला मी नाही ते शिकवलं, म्हणाली. नानांनी माझ्या मानेवर हात ठेवला. म्हणाले, "शिकवलं तुम्ही नाही. याच्या कामाचा खेळ मी केला."

त्या दिवसापासून मी कोणालाही न भुंकता सोडलेले नाही. आमच्या गल्लीत मुले लपाछपी खेळतात. कोणी जिन्यामागे असते, कोणी पाण्याच्या टाकीआड. मी एकेकाजवळ जाऊन भुंकतो आणि राज्य असलेल्याला आयते गडी सापडतात. मुले चिडतात. नानांकडे तक्रारी येतात, की तुमच्या कुत्र्याला बांधून ठेवा, तो आमचा खेळ मोडतो. नाना मुलांना गोळ्या देतात, पण मला बांधत नाहीत.

मित्रांनो, जो तुमच्यासाठी धावतो त्याच्या धावण्याची थट्टा करू नका, आणि त्याच्या कामाची सवय करमणुकीसाठी मोडू नका. तुमच्यापैकी कोणी 'मला काही झालं नाही' असे म्हणत कोपऱ्यात बसला असेल, तर त्याच्या शब्दावर जाऊ नका. जवळ जाऊन त्याच्या पावलाकडे बघा, कपाळाला हात लावा. तो रागावेल. रागावू द्या. आणि तुम्ही कधी लपलात, आणि एक लंगडा, एका डोळ्याचा कुत्रा येऊन तुमच्यासमोर भुंकू लागला, तर मला दगड मारू नका. डाव काय, पुन्हा मांडता येतो.