उर्बानचा शोकप्रस्ताव

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी साडेचार वाजता आमच्या गावाने उर्बानला मारलं. म्हणजे मनातल्या मनात. पण शोकप्रस्ताव मी कागदावर लिहिला, म्हणून ते पाप माझ्या एकट्याच्या नावावर राहिलं.

मी कुरण-मंडळाचा चिटणीस. तळ्याकाठच्या या गावातल्या चौदा घरांचं डोंगरावर सामाईक कुरण आहे, रावनिक नावाचं. उन्हाळ्यात चौदा घरांची एकोणीस जनावरं तिथे चरायला जातात आणि उर्बान त्यांच्यासोबत जातो. गेली एकतीस वर्षं जातोय. गाई राखतो, दूध काढतो, चीज करतो. खाली गावात कोणी त्याच्याबद्दल बोललं की वर त्याला कळतं. कसं, ते अजून कोणाला उमगलेलं नाही, कारण वर फोन लागत नाही.

मंडळाची जुनी रीत अशी, की मतं कितीही पडोत, शेवटचा शब्द वर झोपणाऱ्याचा. थंडी त्याने सोसायची आणि ठराव शेकोटीशी बसलेल्यांनी करायचे, हे आमच्या पणजोबांना पटलं नव्हतं. त्यामुळे तेराजण हो म्हणाले आणि उर्बानने नकाराची मान हलवली, की विषय संपला.

तेया हे चांगलं जाणून होती. वय चौतीस, गावचीच मुलगी, घरामागच्या गोठ्यात तिचं सायकलींचं दुकान. रावनिकवरून तळ्यापर्यंत सायकलीची वाट काढायची, हे तिने चार वर्षांपूर्वी डोक्यात घेतलं. रान मंडळाचं, तेव्हा परवानगी मंडळाची. उर्बानने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, यंदा नाही म्हणालात तर मी ऑस्ट्रियात जाते. तिथे वाटाही तयार आहेत आणि नोकरीही." हे ऐकून उर्बान बराच वेळ मिशीशी खेळला. गावातून ऑस्ट्रियाला गेलेली माणसं तो बोटांवर मोजत असावा. बोटं पुरली नसणार. शेवटी म्हणाला, "एक उन्हाळा. नऊ अटींवर. ऑगस्टात मत."

नऊ अटी मीच लिहून घेतल्या. पहिली खास उर्बानची: वाटेवरचं कुरणाच्या कुंपणाचं फाटक प्रत्येकाने लावायचं, कधीही, कोणीही उघडं सोडायचं नाही.

वाट तेयाने कुदळ-फावड्याने केली. वरच्या गवतातून निघायची, फाटकातून बीच जातीच्या झाडांच्या रानात शिरायची, तिथे ज्या दगडी डोणीत झऱ्याचं पाणी पडतं तिला वळसा घालायची. मग देवदारांमधून सात वळणं. सातव्या वळणावर झाडं एकदम बाजूला होतात आणि समोर तळं येतं, इतकं अचानक की नवशिके तिथेच ब्रेक विसरतात. फाटकाला तिने चार भाषांत 'फाटक लावा' अशी पाटी लावली. पाटी लागू पडली. राजधानीतला, ल्युब्ल्यानाचा, एक दातांचा डॉक्टर दर शनिवारी मित्रांना घेऊन येतो. त्याला मी तीस पावलं मागे चालत जाऊन फाटकाची आगळ पुन्हा तपासताना पाहिलंय. स्वतःच्या घराचं दार तो इतकं तपासत नसेल.

तर त्या शनिवारी, मताच्या आदल्या दिवशी, हा डॉक्टर दहा जणांसोबत चिखलाने माखून तळ्याकाठच्या कॅफेत उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तेया, तुझं फाटक आज उघडं होतं. कुण्या बेजबाबदार माणसाने चक्क दोराने झाडाला बांधून ठेवलेलं. मी सोडवलं आणि लावलं."

"शाबास डॉक्टर," तेया म्हणाली. मीही मान डोलावली. उद्या सभेत हे उदाहरण सांगावं, असं मनात टिपूनही ठेवलं.

अर्ध्या तासाने गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या.

गाई आमच्याकडे सप्टेंबरअखेर उतरतात. उन्हाळ्यात वर काही विपरीत घडलं नसेल तर त्यांच्या कपाळावर फुलांची बाशिंगं असतात. घडलं असेल, तर कपाळं उघडी. उघड्या कपाळाच्या गाई मी आयुष्यात दोनदा पाहिल्या, दोन्ही वेळा उर्बानच्या काळाआधी. एकदा वीज पडली तेव्हा, आणि एकदा आधीचा गुराखी वर कुरणावरच वारला तेव्हा.

आता भर ऑगस्टात, मोटारींच्या रांगेला न जुमानता, म्होरकी गाय लिस्का रस्त्याच्या मधोमध चालत आली. मागे बाकीच्या. कपाळं उघडी. सोबत माणूस नाही. मी सवयीने मोजल्या. अठरा.

बेकरीवाल्याने टोपी काढली. मग सगळ्यांनी काढल्या. डॉक्टरने हेल्मेट काढलं, का ते कळलं नसूनही. उर्बानची बायको मिंका दारात आली, गाईंकडे पाहिलं आणि पायरीवर बसली. "सकाळी त्याला नवे मोजे पाठवणार होते," एवढंच म्हणाली.

जीप अर्ध्या डोंगरापर्यंत जाते, पुढे दीड तास पायी. मंडळाचे अध्यक्ष जीपची किल्ली शोधत होते तोवर तेया सायकलवर बसली होती. "मी वाटेने जाते. पाऊण तास लागेल." आणि गेली. ज्या वाटेवरून लोक खाली येतात, त्या वाटेने वर.

कामाचा माणूस दुःखातही हात रिकामे ठेवत नाही. मी आत गेलो आणि शोकप्रस्ताव लिहिला. चांगला जमला, खोटं कशाला बोलू. जिवंतपणी त्याच्याबद्दल इतकं चांगलं कधी सुचलं नव्हतं.

वर काय झालं ते तेयाने नंतर सांगितलं. फाटकाशी पोचली तर ते बंद, आणि बाहेरच्या बाजूला एकोणिसावी, शेका नावाची कालवड, आगळ चाटत उभी. तेयाने फाटक उघडलं. कालवड सायकलीमागोमाग खोपटापर्यंत गेली. दारातून धूर येत होता. आत उर्बान तांब्याच्या हंड्यात लाकडी पळा फिरवत बसलेला.

"काका, तुम्ही आहात?"

"नसायला काय झालं? आणि सायकल दारात कशाला आणलीस? घसा ओरडून कोरडा पडला. गाई धार काढायला आल्या नाहीत आणि दही धरतंय, हंडा सोडता येईना."

"गाई गावात आहेत. गाव टोप्या काढून उभं आहे."

"कोण गेलं?"

"तुम्ही."

उर्बानने पळा फिरवणं थांबवलं नाही. थांबवलं तर चीज बिघडतं. पण दोन फेरे उलटे फिरले, असं तेया म्हणते.

मग उलगडा झाला. खोपटाजवळचा झरा उन्हाने आटला होता. म्हणून त्या सकाळी उर्बानने फाटक उघडून दोराने बांधलं, गाईंनी डोणीवर पाणी प्यायला जावं म्हणून. डॉक्टरने ते लावलं तेव्हा गाई खालच्या बाजूला झाडांच्या सावलीत होत्या, त्याला दिसल्याच नाहीत. लिस्काला कॅलेंडर कळत नाही, फाटक कळतं. उर्बान वर्षातून एकदाच तिच्यामागे ते फाटक लावतो, गाई गावी निघतात त्या दिवशी. उन्हाळा संपला, चला घरी.

"तू खाली जाऊन सांग," उर्बान म्हणाला. "पण नुसत्या तोंडाने सांगशील तर मिंका विश्वास ठेवायची नाही." आणि त्याने फडक्यात गरम चीजचा गोळा बांधून दिला.

तेया चौदा मिनिटांत खाली आली. ओरडली नाही, श्वासच नव्हता. सरळ मिंकासमोर फडकं उघडलं. मिंकाने एक तुकडा तोंडात टाकला. सगळं गाव तिच्या जबड्याकडे बघत होतं.

"धुराचा वास," ती म्हणाली. "करपवलंय. त्याचंच आहे." आणि मग रडली.

रविवारी प्रार्थनेनंतर सभा भरली. उर्बान पहाटे निघून चालत आला होता, त्याच वाटेने. गावातून येताना तीन म्हाताऱ्यांनी त्याच्या दंडाला हात लावून पाहिला, त्यामुळे तो आधीच चिडलेला.

"एकतीस वर्षं," तो म्हणाला. "एकदाही माझी गुरं अशी ओकीबोकी उतरली नाहीत. काल पर्यटक फोटो काढत होते म्हणे."

तेया उभी राहिली. "काका, चूक माझी. पाटी माझी, माणसंही माझीच. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजून घेईन." आणि बसली. भरपूर बोलण्याची तयारी करून आली होती, मला माहीत होतं. तीन पानं तिच्या मांडीवर तशीच राहिली.

तेरा मतं होकाराची होती, पण ती या घडीला कोणाच्या कामाची?

उर्बान माझ्याकडे वळला. "चिटणीस, तू माझा शोकप्रस्ताव लिहिलास म्हणे. वाच."

"अरे, ते आता—"

"माझं आहे. मला ऐकू दे. पुढच्या वेळी ऐकायला मिळणार नाही."

मी कागद काढला. मंडळाचे ज्येष्ठ सभासद, एकतीस उन्हाळे, एकही जनावर न गमावता, वगैरे. उर्बान मिशी कुरवाळत ऐकत होता. 'त्यांचं चीज तळ्याच्या दोन्ही काठांवर नावाजलेलं' या वाक्याला मिंका खाकरली. शेवटचं वाक्य मी सावकाश वाचलं: "त्यांचा स्वभाव कडक होता, पण स्वतःच्या हातून घडलेली चूक त्यांनी कधी दुसऱ्याच्या गळ्यात बांधली नाही."

उर्बानचा मिशीवरचा हात थांबला.

"दोर कोणी बांधला होता?" त्याने तेयाला विचारलं.

"तुम्ही, काका."

"कोणाला सांगितलं होतं?"

"गाईंना," मागून बेकरीवाला म्हणाला. हशा झाला. उर्बान हसला नाही, पण ओरडलाही नाही.

"मी आज वाटेने उतरलो," तो म्हणाला. "सातही वळणं माझ्या गाईंनी तुडवून ठेवलीत. पार लोणी करून टाकलंय. त्याबद्दल तू काही बोलली नाहीस."

"गाईंनी मुद्दाम नाही केलं."

"डॉक्टरनेही नाही." त्याने टोपी टेबलावर ठेवली. आमच्यात ती निर्णयाची खूण. "चिटणीस, पहिली अट खोड. लिही: फाटक जसं दिसेल तसं ठेवावं. आणि दहावी घाल. प्रत्येक सायकलीला घंटा. मागून अचानक येतात, एखादे दिवशी खरंच जाईन." मग तेयाकडे न बघता म्हणाला, "वळणं दुरुस्त करायला मंगळवारी येतो. तुझा उतार चुकलाय. पाणी साचणार तिथे."

दुपारी गाई परत वर गेल्या. पुढे लिस्का, मागे उर्बान, आणि सगळ्यात मागे सायकल ढकलत दातांचा डॉक्टर. दर शंभर पावलांवर तो माफी मागत होता, बहुधा गाईंची.

निघण्याआधी उर्बान माझ्या दारात थांबला होता. "तो कागद बघू." मी दिला. त्याने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. "ते शेवटचं वाक्य इथे नाही."

"मागच्या बाजूला असेल."

त्याने कागद उलटला. कोरा होता. तो माझ्याकडे पाहत राहिला, मी तळ्याकडे.

"मग आता लिही," तो म्हणाला आणि कागद परत दिला. "शाईने लिही. फक्त तारीख टाकू नकोस."